दवाखान्यावर ज्यांचं नाव आहे त्या बाई कोण, हे कुठे शोधायचं?

तुम्ही विचारलंय की गल्लीतल्या जुन्या धर्मादाय दवाखान्यावर एका बाईंचं नाव आहे, पण त्या कोण हे आज कुणालाच सांगता येत नाही. त्यांनीच दवाखाना बांधला का, आणि खात्री कुठे होईल?

बहुधा बांधला नसावा. 'बाई', 'मातुश्री', 'कै.' अशी सुरुवात असली की नाव एकाचं आणि पैसा दुसऱ्याचा, असं धरूनच शोधाला लागा. मुंबईच्या नायर रुग्णालयाचं 'बा. य. ल.' म्हणजे बाई यमुनाबाई लक्ष्मण. उभं केलं डॉ. ए. एल. नायर यांनी, नाव दिलं आईचं. परळात केईएमवर नाव राजा सातव्या एडवर्डचं, पण तिथल्या मेडिकल कॉलेजला पैसा सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीचा. त्यांच्या विश्वस्तांनी पैसे देताना अट घातली, की शिकवणारे भारतीय हवेत आणि सरकारी नोकरीतले नकोत. तीही गोऱ्या साहेबाच्या राज्यात! माझ्या मते देणगीदाराचा खरा वारसा अशा अटीत असतो. म्हणून फक्त नाव नको, अट शोधा.

आधी कोनशिला पाहा, पण तिच्यावर विसंबू नका. मोठ्या अक्षरात असतो तो समारंभाचा पाहुणा. देणगीदार खालच्या ओळीत, कधी चुन्याच्या रंगाखाली. शिवाय पायाभरणीचं साल वेगळं आणि दवाखाना सुरू झाल्याचं वेगळं. जे. जे.ची कोनशिला १८४३ची, रुग्णालय उघडलं १८४५ला. पुण्याचं ससून १८६७ला उघडलं, तोवर डेव्हिड ससून जाऊन तीन वर्षं झाली होती. मजकूर गुजरातीत असेल तर साल विक्रम संवतातलं असू शकतं. कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करा, जानेवारीपासून दिवाळीपर्यंत ५६. शकात ७८ मिळवा (जानेवारी ते फाल्गुन असेल तर ७९). पारशी शिळेवरच्या यज्दगर्दी सनात ६३० किंवा ६३१ मिळवा.

मग धर्मादाय आयुक्त कार्यालय. दवाखान्याच्या पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक असतो, आधी 'ई' किंवा 'एफ' हे अक्षर. साधारणपणे ई म्हणजे धर्मादाय ट्रस्ट, एफ म्हणजे नोंदणीकृत संस्था. तो क्रमांक घालून परिशिष्ट १ची, म्हणजे पीटीआरची (सार्वजनिक ट्रस्टच्या नोंदवहीतल्या उताऱ्याची), प्रमाणित नक्कल मागा. हा उतारा फार कामाचा. विश्वस्त कोण, वारसाहक्काने की निवडीने, उद्देश काय, ट्रस्ट कोणत्या दस्ताने झाला आणि मिळकत कोणती, सगळं रकान्यांत येतं. दस्ताचा रकाना मिळाला की मूळ ट्रस्ट डीड किंवा मृत्युपत्र त्याच फाइलीत आहे का ते विचारा. अटी तिथे असतात.

इथे हमखास होणारी चूक : नोंदणीची तारीख हीच स्थापनेची धरणे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०चा, त्यामुळे कितीही जुना ट्रस्ट असला तरी या कायद्याखालची नोंद त्यानंतरचीच. दुसरी चूक नावांची. जमशेटजी जीजीभॉय मुंबईच्या जे. जे.चे, बैरामजी जीजीभॉय पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे. आडनाव एक, माणसं दोन, आणि लेखांत त्यांची सर्रास सरमिसळ होते. म्हणून वडिलांचं नाव जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ट्रस्टची नोंद सापडलीच नाही, तर दवाखाना पालिकेचा असण्याची शक्यता जास्त. मग नाव देण्याचा ठराव सभेच्या इतिवृत्तात शोधावा लागेल, आणि जागेसाठी मालमत्ता पत्रक (शहरातल्या जागेच्या मालकीचा उतारा). त्यावरच्या जुन्या फेरफारात बक्षीसपत्राचा उल्लेख निघाला, तर जमीन कुणी दिली ते कळतं. तो माणूस बहुतेक वेळा दवाखान्याच्या नावाच्या फळ्यावर नसतोच.

आणि हे सगळं इमारत पाडायची बोलणी सुरू व्हायच्या आत करा. ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला त्याच १९५०च्या कायद्याच्या कलम ३६खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्या सुनावणीत 'इथे गरिबांसाठी दवाखानाच चालावा' अशी डीडमधली एक ओळ हातात असेल, तर हरकतीला वजन येतं. फळ्याचा फोटो तिथे फारसा उपयोगी पडत नाही.