जपानला मातीकाम बघायला जायचंय, जत्रेच्या दिवसांत जाऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीची, शाळेत शिकवते आणि दर रविवारी एका स्टुडिओत पॉटरी शिकते. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि मिस्टर जपानला जायचं म्हणतोय. टोकियो-फुजी सगळेच करतात, मला पॉटरीची गावं, चालू स्टुडिओ आणि जमलं तर एखादं सिरॅमिक्सचं कॉलेज बघायचंय. यादीत माशिको, ताजिमी, शिगाराकी, बिझेन, आरिता, ओंता एवढं आहे, हातात जेमतेम दोन आठवडे. 29 एप्रिल ते 5 मेच्या आसपास माशिको आणि आरिताला मोठी जत्रा असते म्हणून तेच दिवस धरलेत. बरोबर आहे ना? आम्ही शाकाहारी आहोत आणि मिस्टरांना मातीत काडीचाही रस नाही, हेही लक्षात घ्या.

उत्तर : यादी वाचूनच कळलं की अभ्यास झालाय, पण तारखा मात्र बदला. ती जत्रा म्हणजे विक्री आहे हो. माशिकोत रस्ताभर तंबू लागतात, शेकडो कुंभार माल मांडून बसतात, भाव चांगले मिळतात, खरेदीला जायचं तर त्यासारखी जागा नाही. पण जो माणूस तंबूत बसलाय तो चाकावर नसणार ना! स्टुडिओ रिकामे, कॉलेजला सुट्टी, कारण तो जपानचा गोल्डन वीक, म्हणजे लागून आलेल्या सुट्ट्यांचा आठवडा, आणि हॉटेलं-गाड्या भरलेल्या त्या वेगळ्याच. तुम्हाला काम बघायचंय तर 8-10 मेनंतर निघा, शाळेची सुट्टी तोपर्यंत लागलेली असते आणि जूनचा पाऊसही सुरू झालेला नसतो. खरेदीची हौस असेल तर माशिकोची जत्रा नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही असते, ती दिवाळीच्या सुट्टीत कधीतरी.

आता यादी. आरिता आणि ओंता क्युशूत, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, ते या वेळी कापा. ओंता कापताना मलाही वाईट वाटतंय, कारण तिथे ओढ्याच्या पाण्यावर चालणारी लाकडी उखळं आहेत, ओंडक्याच्या पोकळ टोकात पाणी भरलं की ते टोक खाली जातं, पाणी सांडतं आणि दुसरं टोक धप्पकन मातीवर आदळतं, असं रात्रंदिवस चालू. मोजकीच घरं, बाहेरचा शिकाऊ घेत नाहीत, भांड्यावर स्वतःचं नावही घालत नाहीत. पण त्यासाठी क्युशूची वेगळी ट्रिप करा, उरकायचं म्हणून जाऊ नका. बिझेनही राहू दे. ते बिनग्लेझचं, म्हणजे काचेसारखा लेप न देता भाजलेलं काम, भट्टी दहा-बारा दिवस लाकडावर पेटती असते आणि ती नेमकी तुमच्या तारखांना लागेल असं नाही.

राहिलं काय, तर आधी माशिको आणि त्याच्या जवळचं पॉटरीचं गाव कासामा. टोकियोच्या अकिहाबाराहून दोन्हीकडे थेट बस आहे. माशिकोत प्रसिद्ध कुंभार शोजी हामादांचं घर आणि संग्रह आता म्युझियम आहे, सान्कोकान नावाचं. हामादा 1920 मध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचबरोबर इंग्लंडला सेंट आइव्हजला गेले, तिथे स्टुडिओ उभा केला, आणि परत येऊन या खेड्यात राहिले. (आपले दिल्लीचे सरदार गुरचरण सिंगही साधारण त्याच काळात जपानला सिरॅमिक्स शिकायला गेले होते, तिथूनच दिल्लीची स्टुडिओ पॉटरी सुरू झाली.) 2011 च्या भूकंपात माशिकोतल्या भट्ट्या कोसळल्या होत्या, नंतर परत बांधल्या. इथे निदान तीन रात्री राहा, एका दिवसात फक्त दुकानं बघून होतात.

मग नागोयाजवळचं ताजिमी, तिथून क्योतो, आणि क्योतोहून एक दिवस शिगाराकी. क्योतोत कुंभार कानजिरो कावाई यांचं घर चुकवू नका, घराच्या मागेच आठ कप्प्यांची चढती भट्टी आहे, अगदी जवळ जाऊन बघता येते. ताजिमीत मिस्टरांची सोय होईल, तिथलं मोझॅक टाइल म्युझियम म्हणजे मातीची टेकडी कापल्यासारखी इमारत आहे, वर झाडं लावलेली, आर्किटेक्ट तेरुनोबू फुजिमोरींचं डिझाइन. म्युझियमं बहुतेक सोमवारी बंद, म्हणून सोमवार प्रवासाला ठेवा. व्हिसाच्या अर्जात रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, तर हे सगळं आत्ताच कागदावर मांडा म्हणजे दोन्ही कामं होतील.

स्टुडिओला आधी मेल करा, चार ओळी जपानीत, ट्रान्सलेटरवरून चालेल. "आम्ही येतोय" असं नको, "अमुक तारखेला अर्धा तास तुमचं काम बघता येईल का" असं विचारा. उत्तर नाही आलं तर नाही, दारात जाऊन उभं राहू नका. जाताना छोटा खाऊ न्या. आत गेल्यावर हातातल्या अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा, भांडं दोन्ही हातांनी आणि टेबलापासून फार वर न उचलता बघा, सुकत ठेवलेल्या कच्च्या कामाला तर हातच नको, काठ धरला की गेलाच तो.

चाकावर एक तासाचे क्लास पर्यटकांसाठी सगळीकडे असतात, जरूर करा, पण मजा अशी की तिथे चाक सहसा घड्याळाच्या दिशेने फिरतं, तुमच्या स्टुडिओत बहुधा उलटं असेल. आधीच सांगितलं तर इलेक्ट्रिक व्हीलची दिशा बदलून देतात. मी म्हणेन बदलू नका, फजिती होऊ दे. केलेलं भांडं मात्र हातात घेऊन येता येणार नाही, ते सुकणार, ट्रिम म्हणजे तासून नीट होणार, बिस्क म्हणजे पहिल्यांदा भाजलं जाणार, मग ग्लेझ करून परत भट्टीत, यात महिना-दोन महिने जातात. परदेशात पाठवतात का आणि कितीला, हे पैसे भरायच्या आधी विचारा, कुरिअर कधीकधी भांड्यापेक्षा महाग पडतं. तुमची सुई, तार, ट्रिमिंगची हत्यारं नेणार असाल तर चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये नाही.

खाण्याचं म्हणाल तर साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये आणि नूडल्सच्या रश्शातसुद्धा माशाचा अर्क असतो. खेड्यात पर्याय कमी, तेव्हा स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, तांदूळ कुठेही मिळतो, मेतकूट आणि लोणचं इथून न्या.

प्रश्न : लेक बारावीला आहे, तिला सिरॅमिक्समध्येच करिअर करायचंय. डायरेक्ट जपानला पाठवू का?

उत्तर : डायरेक्ट नको. ताजिमीला पॉटरी शिकवणारं महापालिकेचं सेंटर आहे, कासामाला इबाराकी प्रांताचं सिरॅमिक्सचं कॉलेज आहे, दोन्हीकडे मन लावून शिकवतात पण शिकवणं जपानीत, तेव्हा आधी भाषेची एक-दोन वर्षं धरा. शिगाराकीच्या सिरॅमिक पार्कमध्ये 1992 पासून परदेशी कलाकारांना राहून काम करता येतं, पण ते स्वतःचं काम दाखवू शकणाऱ्यांसाठी, बारावीच्या मुलीसाठी नाही. इथे मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये सिरॅमिक्स आहे, अहमदाबादला एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत आहे, त्यांच्या परीक्षांचे फॉर्म आधी भरा आणि सोबत जपानीचा क्लास लावा.