आतड्यातल्या पिशव्या आणि बियांची भीती

प्रश्न: सीटी स्कॅनमध्ये डायव्हर्टिक्युलायटिस (मोठ्या आतड्याच्या भिंतीवर तयार झालेल्या छोट्या पिशव्यांना आलेली सूज) निघाला. औषधांनी दुखणं थांबलं. आता बिया, दाणे कायमचे बंद करायचे का? आणि कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) लगेच का केली नाही?

उत्तर: बिया पिशवीत अडकतात हा जुना समज, त्याला पुरावा मिळालेला नाही. खुशाल खा, चावून खा. सुजलेल्या आतड्यात हवा भरून दुर्बीण घातली तर ते फाटू शकतं, म्हणून ती तपासणी साधारण ६ ते ८ आठवड्यांनी करतात. कर्करोग नाही ना, हे तेव्हा पाहतात.

दुखणं पूर्ण शमल्यावर आहारातलं तंतूंचं (फायबर) प्रमाण हळूहळू वाढवत रोज २५-३० ग्रॅमपर्यंत न्या. एकदम वाढवलात तर पोट फुगेल. सोबत पाणी हवंच. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, आतड्याला छिद्र पडण्याचा धोका वाढतो. ताप, वाढती कळ, न थांबणाऱ्या उलट्या किंवा शौचातून रक्त दिसलं, तर थेट रुग्णालय गाठा.