पित्त म्हणू नकोस

पोरी,

कानबाईच्या विसर्जनाला फटाक्यांची माळ वाजली आणि तू हातातलं आरतीचं ताट टाकून भिंतीला चिकटलीस. बाया हसल्या. तुझी माय म्हणाली, "नजर लागनी." मी तुझे हात पाहिले. रायफल नसली की ते कुठे ठेवायचे, हे त्यांना कळत नव्हतं.

काल फोनवर म्हणालीस, युनिटच्या डॉक्टरांना पित्त सांगितलंय. अंगाची लाही झाली. ते वाक्य माझं आहे. काश्मीरहून परतल्यावर सहा वर्षं मी पित्ताच्याच गोळ्या खाल्ल्या. रात्री वाऱ्यानं केळीची पानं फडफडली तरी उठून कडी तपासायची. झोप नाही, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

तू म्हणशील, दलाच्या वैद्यकीय तपासणीतल्या 'शेप' श्रेणीचं पहिलंच अक्षर मनाचं, ते घसरलं की बढती अडकते. खरंय, मीही हाच हिशेब केला. तरी सांगते, पित्त म्हणू नकोस, कागदावर आण. उद्या नोकरीमुळे जडलेल्या आजाराची पेन्शन मागशील तेव्हा विचारतील, सेवेत असताना कुठे लिहिलंय? माझ्या फाइलीत पित्त लिहिलंय. पित्ताला कोण पेन्शन देतं?

मला भित्री समजू नकोस. सीआरपीएफची 88 महिला बटालियन 1986 ची. आमच्याआधीच्या श्रीलंकेत जाऊन आल्या, 2007 मध्ये आमच्या दलातल्या बायका लायबेरियात गेल्या. तेव्हा एकीनं जरी "झोप येत नाही" म्हटलं असतं, तर शिक्का सगळ्यांवर बसला असता. तोंड मिटलं म्हणून तुमची भरती झाली. (हे अर्धंच खरं. मला भीतीही वाटत होती.)

घरचंही कळतं. जवान सुटीवर आला की ओट्यावर खाट टाकून पडतो, तुझ्यापुढे दुसऱ्या दिवशी पिठाची परात. थकल्याचंही कारण द्यायचं!

तेच स्वप्न, तेच दचकणं, माणसं टाळणं, महिना उलटला ना? मग मनोविकारतज्ज्ञच. मायच्या समाधानासाठी लिंबू उतरवून घे, पण जळगावला सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायचा. रात्री फारच झालं तर 14416 लाव, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. तिथेही पित्त म्हणू नकोस.

मंगळवारी सकाळच्या बसनं येते. आधार कार्ड काढून ठेव. कळण्याची भाकरी मी बांधून आणते, मायला म्हणावं स्वयंपाक नको.

तुझी आत्या