बिल कीथ वाजवायचाय? जरा थांब

बँजो घेऊन महिना झाला नाही तोच तू बिल कीथसारख्या अवघड बँजोवादकाच्या मागे लागलास, हे वाचून हसू आलं. मीही तेच केलं होतं. सहा महिने पाण्यात.

आधी अर्ल स्क्रग्ज शीक, ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताचा बँजोवादक. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्हींत नख्या (तार छेडायच्या) आणि न तुटणारे रोल, म्हणजे ठरलेल्या क्रमाने बोटं फिरवत तारा छेडणं. कीथही याच वाटेने गेला. स्क्रग्जचं वादन त्याने ऐकून ऐकून कागदावर उतरवलं होतं. मग त्याला फिडलची (व्हायोलिनची) धून बँजोवर सूर न् सूर हवीशी झाली. रोलमधल्या भरीच्या सुरांत चाल थोडी हरवतेच. त्याने लागोपाठचे सूर शक्यतो वेगवेगळ्या तारांवर घेतले, मोकळ्या तारा आणि वरच्या पडद्यांवर दाबलेल्या तारा मिसळून. म्हणून सूर सलग ओघळतात. यात चढत्या सुरासाठी हात कधी खालच्या सुराच्या तारेकडे जातो. डोकं चक्रावतं. चक्रावू दे.

बोस्टनचा हा पोरगा १९६३ मध्ये ब्लूग्रासवाल्या बिल मन्रोच्या बँडमध्ये आला. तिथे बिल एकच, म्हणून मन्रो त्याला ब्रॅड म्हणायचा! वर्षभरही टिकला नाही, पण तेवढ्यात त्याने कित्येक बँजोवाल्यांची झोप उडवली.

त्याच्या नावाच्या खुंट्याही मिळतात. वाजवता वाजवता तार उतरवून परत नेमक्या सुरावर आणणाऱ्या. महाग असतात, आत्ता घेऊ नकोस. त्याऐवजी रोल पक्के झाले की ‘डेव्हिल्स ड्रीम’ ही फिडलची धून निम्म्या लयीत धर आणि कुठे अडतंय ते कळव.