लास्को बंद आहे, मग फ्रान्सच्या खेड्यांत अस्सल गुहाचित्रं पाहता येतात का?

हो, येतात. तुमच्याकडे पॅरिसहून तीन दिवस आहेत आणि स्वतः गाडी चालवायची नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून त्या हिशोबाने सांगतो.

आदिमानवाच्या भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेली लास्को गुहा 1948 मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि 1963 मध्ये बंद करावी लागली. रोज हजारावर माणसं आत जायची. त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा यामुळे भिंतींवर हिरवं शेवाळ आणि पांढरा क्षारांचा थर चढू लागला. आज माँतिन्याक गावात दिसते ती 2016 साली उघडलेली प्रतिकृती. ती फार निगुतीने केलेली आहे, पण वेळ कमी असेल तर मी ती वगळेन.

मुक्काम लेझेझीला करा. वेझेर नदीकाठचं हे जेमतेम हजारभर वस्तीचं कम्यून, म्हणजे स्वतःचा महापौर असलेलं फ्रान्समधलं सर्वांत लहान स्वराज्य-एकक. याच गावात रेल्वेमार्गाच्या कामात 1868 मध्ये क्रो-मॅन्यों मानवाचे, म्हणजे हिमयुगातल्या आपल्यासारख्याच माणसांचे, सांगाडे मिळाले. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून बोर्दोपर्यंत वेगवान गाडी सुमारे दोन तासांत पोहोचवते, तिथून पेरिग्यो आणि मग लोकल गाडीने लेझेझी. घोळ होतो तो या शेवटच्या टप्प्यात. गाड्या मोजक्याच असतात आणि रविवारी आणखी कमी, म्हणून वेळापत्रक तिथूनच उलटं जुळवत या.

गावाबाहेरच फों-द-गोम गुहा आहे, तिथे पायी जाता येतं. लेझेझीच्या शाळेतले शिक्षक दनी पेरोनी यांनी 1901 मध्ये इथली चित्रं ओळखली. बहुरंगी अस्सल चित्रं अजूनही लोकांना दाखवणाऱ्या गुहा फ्रान्समध्ये बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत, त्यातली ही एक. दिवसाला शंभरसुद्धा माणसं सोडत नाहीत. त्यामुळे आधी गुहेचं आरक्षण, मग रेल्वेचं. बहुतेक जण हे उलट करतात आणि गुहेच्या दारातून परततात.

आत गेल्यावर पहिल्या मिनिटात काहीच दिसलं नाही तर निराश होऊ नका. गुहेचं तोंड आधीपासून उघडंच होतं, लोकांनी भिंतींवर नावं कोरली, रंग पुसट झाले. मार्गदर्शक दिवा भिंतीलगत आडवा फिरवतो तेव्हा कोरीव रेषा उठून येतात. एका ठिकाणी दोन रेनडियर समोरासमोर आहेत. एक खाली झुकलाय आणि दुसरा त्याचं कपाळ चाटतोय. जीभ कोरलेली आहे, त्यामुळे समोरून प्रकाश टाकला तर ती दिसतच नाही. काही गव्यांच्या मांड्या म्हणजे तर खडकाचाच फुगवटा. या एवढ्यासाठी तरी प्रतिकृतीपेक्षा इथे या.

दुसऱ्या दिवशी रुफिन्याक गुहा. तिथे सार्वजनिक वाहन नाही, लेझेझीहून टॅक्सी ठरवावी लागते. विजेवरची छोटी गाडी डोंगराच्या पोटात जवळपास एक किलोमीटर नेते, त्यामुळे ज्येष्ठांना सोयीचं. दीडशेहून जास्त मॅमथ, म्हणजे नामशेष झालेले केसाळ हत्ती, चितारलेले आहेत आणि अस्वलांच्या नखांचे ओरखडेही. शेवटच्या मोठ्या छताखालची जमीन आता खोल केली आहे. चित्रं काढली तेव्हा छत डोक्यावर जेमतेम मीटरभर होतं. म्हणजे काढणाऱ्याला आपलं पूर्ण चित्र एका नजरेत कधीच दिसलं नसणार! हिवाळ्यात ही गुहा बंद असते, आणि ऐन उन्हाळ्यात सकाळीच पोहोचावं.

कुठल्याही गुहेत बारमाही 12-13 अंश तापमान असतं. जुलैतही स्वेटर हवा आणि न घसरणारे बूट हवेत. फोटो काढू देत नाहीत. इंग्रजी फेऱ्या थोड्या असतात, आरक्षण करतानाच भाषा तपासा.

फों-द-गोम मिळालीच नाही तर काब्रेरे गावची पेश-मेर्ल गुहा धरा. गुहा चक्क त्या चिमुकल्या कम्यूनच्याच मालकीची आहे. दिवसाला 700 जणांची मर्यादा, त्यामुळे तिकीट त्या मानाने मिळतं. सुमारे 29,000 वर्षांपूर्वीचे अंगभर ठिपके असलेले दोन घोडे आहेत. उजव्या घोड्याचं डोकं खडकाच्या नैसर्गिक कडेतच बसवलंय आणि भोवती हातांचे ठसे. मात्र हे लेझेझीच्या मुक्कामात जमणार नाही. पॅरिसच्या ऑस्तरलित्झ स्थानकातून थेट काओर शहर गाठा, तिथून टॅक्सी करा आणि तीच परतीसाठी थांबवून ठेवा. गुहेपाशी दुसरी मिळत नाही.