सोसायटीच्या पत्रकात ‘आंतरजाल’ लिहावं की ‘महाजाल’?

ऐरोलीतल्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी नेटच्या तक्रारींचं पत्रक काढताय आणि वाद कशावर, तर इंटरनेटसाठीच्या या दोन शब्दांवर. दोन्ही बाजूला राहू द्या. खरा घोळ ‘नेट गेलं’ या दोन शब्दांत आहे. चार वेगळ्या बिघाडांना सगळे तेच म्हणतात आणि कंपनीचा माणूस भलतंच सामान घेऊन दारात उभा राहतो.

बारीक वायर ज्यात येते तो डबा म्हणजे ओएनटी. पत्रकात ‘फायबरचा बॉक्स’ लिहा. त्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल झाला की आत प्रकाश पोचत नाहीये. सोफा सरकवताना वायर चेमटली, कोपऱ्यात काटकोनात वाकली, नाहीतर हिरवं टोक सैल झालं. आत काच असते, ती तुटली तर दहा वेळा रीस्टार्ट करूनही जुळत नाही. उघड्या टोकात डोकावायचं नाही, बोटही लावायचं नाही. तक्रार एवढीच: ‘एलओएस लाल आहे.’

त्याच बॉक्सवरचा ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा, मोबाईलवर वायफायची खूण आहे, पण काहीच उघडत नाही? मग ‘वायफाय आहे, इंटरनेट नाही’. आधी प्लॅन संपलाय का ते बघा. फक्त आतल्या खोलीत रडतं तेव्हा ‘वायफाय पोचत नाही’. वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीत मार खातो, 2.4 च्या पट्ट्यावर जोडा. एकट्या बँकेचंच ॲप अडलं तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा. तिथंही नाही उघडलं तर बॉक्सला हात लावू नका, बिघाड बहुधा बँकेकडे.

वेब (म्हणजे ब्राउझरमध्ये उघडतात त्या साईट) आणि इंटरनेट (म्हणजे खालचं जाळं) एकच नव्हे, हे मात्र ठणकावून लिहा. इंटरनेटचे आजचे नियम अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकी जाळ्यावर, 1 जानेवारी 1983 ला लागू झाले. वेबचा प्रस्ताव टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत मांडला तो 1989 मध्ये. व्हॉट्सॲप चालू आणि क्रोममध्ये एकही साईट नाही, तर पहिला संशय डीएनएसवर, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेवर; सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी गूगलचा 8.8.8.8 टाकून बघा.

लेखात ‘आंतरजाल’ खुशाल लिहा, छान दिसतं. पण रात्री नऊला कस्टमर केअरला ‘महाजाल बंद आहे’ सांगून बघा, म्हणावं त्या शुद्धलेखनवाल्या सभासदाला. आणि हो, दिव्यांची नावं-रंग बॉक्सगणिक बदलतात, तेव्हा पत्रकात तुमच्याच इमारतीतल्या बॉक्सचा फोटो टाका.