केवायसी झाली, मग पैसे अडकले कुठं?

प्रश्न : अतिवृष्टीत वावरातलं सोयाबीन गेलं. नुकसानभरपाईच्या यादीत नाव आलं, व्हीके नंबर (यादीतला विशिष्ट क्रमांक) घेऊन सेवा केंद्रात केवायसी केली. गावात बाकीच्यांचे पैसे जमा झाले, माझ्या पासबुकात काहीच नाही. तलाठी म्हणतात बँकेत जा, बँक म्हणते तहसीलला विचारा.
— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आधी तुमचं आधार सध्या कोणत्या बँकेला जोडलेलं आहे ते पाहा. हे अनुदान आधारावर येतं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जुळवणारी संस्था) नोंदीत एका आधारापुढे एकच बँक असते, ज्या बँकेत तुम्ही शेवटी संमती दिली ती. सिमकार्डासोबत किंवा बचत गटाच्या कर्जासाठी कधीकाळी खातं उघडलं असेल, तर पैसे तिथं पडलेले असू शकतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली, असं समजू नका. झेरॉक्सवर खात्याची केवायसी होते. अनुदानासाठी संमतीचा फॉर्म वेगळा भरावा लागतो.

आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचं नाव दिसेल, जोडणी चालू आहे की बंद हेही दिसेल. दुसरीच बँक निघाली, तर तिथलं पासबुक भरून घ्या. जोडणी बंद असेल, तर बँकेत फॉर्म भरा आणि ती चालू झाली की तहसीलला लेखी कळवा, म्हणजे परत गेलेली रक्कम पुन्हा पाठवता येते.

बँक बरोबर आणि जोडणीही चालू असेल, तर अडचण बहुधा तहसीलकडे आहे. सातबारा सामायिक असून इतर खातेदारांचं संमतीपत्र दिलेलं नसतं, किंवा वडील वारले तरी वारसनोंद झालेली नसते. केवायसीच्या पावतीवरचा गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहा. तहसीलला लेखी अर्ज द्या, त्याला पावतीची प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्याच.

पैसे वाटण्याचं काम ऑनलाइनमुळे वेगानं होतं, हे खरं. पण ज्याचे अडकले, त्याची पूर्ण वाट ना केंद्रचालकाला दिसते, ना बँकेला, ना तलाठ्याला. रक्कम कोणत्या टप्प्यावर आहे ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत कळवणं ही शासनाची जबाबदारी आहे.

प्रश्न : कापूस वेचून मायच्या बोटांचे ठसे झिजले. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. — ता. कळंब

उत्तर : हात धुऊन कोरडे करा, मशीनची काच पुसायला सांगा आणि दहाही बोटं लावून पाहा. कार्डावरच्या दुसऱ्या सदस्याच्या अंगठ्यावरही धान्य मिळतं. वेचणी संपून कातडी भरली की आधार केंद्रात ठसे नव्यानं द्या. ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारचे निर्देश २०१७ पासून आहेत. दुकानदार ऐकत नसेल, तर तहसीलच्या पुरवठा निरीक्षकाकडे कार्ड नंबर आणि तारीख लिहून तक्रार द्या.